उंबरदांडाच्या पाण्यावर

सखाराम,

माझ्या दोन्ही तळहातांना फोड आलेत. उजव्या हाताचा तर फुटलाही. बायकोने खोबरेल लावून चिंधी बांधली आणि म्हणाली, "एवढी वर्षं तळ्यावर जाताय, आणि फोड आत्ता आले?" तिला काय सांगणार? नऊ वर्षं मी होडीत नुसता बसलो, वल्ही तू मारलीस. मला कशाला फोड येतील?

तू गेलास त्याला आज सव्वीस दिवस झाले. टाक धरला की चिंधी आड येते, तरी लिहायला बसलोय, कारण तुला एक निरोप पोचवायचा आहे. तो माझा नाही. माझा असता तर उद्यावर टाकला असता, तुला माझी सवय ठाऊक आहे. पण निरोप सांगण्याआधी मला माझं बोलून घेऊ दे. ते बोलल्याशिवाय तो निरोप द्यायला मला तोंड नाही.

वर्कशॉपमध्ये तुझ्यासाठी दोन मिनिटं मशीन बंद ठेवली. साहेबांनी कागदावरून तुझा नंबर वाचला, नाव वाचलं, "शिस्तप्रिय आणि अबोल कामगार" असं म्हणाले. अबोल! मला तिथंच हसू आलं आणि मग डोळे भरून आले. देहूरोडच्या त्या डेपोत तू अबोल असशील. होडीत बसलास की तुझं तोंड वल्ह्याबरोबर चालायचं. डेपोत चारचौघांत तू मला "तुमी" म्हणायचास आणि होडीला धक्का देऊन आत उडी मारलीस की लगेच "तू". मधे एक पाऊल पाणी, तेवढाच फरक. मला ते फार आवडायचं. कधी बोललो नाही.

आपली ओळख झाली ती त्या गोऱ्या साहेबामुळे. लोणावळ्यापलीकडच्या तळ्यावर त्याची होडी होती आणि दर रविवारी तू ती वल्हवायला जायचास. त्याच्या मासे धरायच्या काठीचं रीळ मोडलं म्हणून त्याने ते वर्कशॉपमधल्या माझ्या बाकावर आणून टाकलं. मी दुरुस्त केलं, नीट चालतं का ते बघायला तो मला तळ्यावर घेऊन गेला, आणि मी तिथंच अडकलो. आमच्या कोकणात चालत्या होडीमागे दोरी सोडून सुरमई धरतात, ते मी लहानपणी पाहिलेलं. पण गोड्या पाण्यात, डोंगराच्या कुशीत, एवढ्या शांततेत तेच चालतं हे मला माहीत नव्हतं. साहेब त्याला ट्रोलिंग म्हणायचा. तू म्हणायचास फिरता गळ. तुझाच शब्द बरा.

साहेब देश सोडून गेला तेव्हा काठी आणि रीळ मला देऊन गेला, होडी दोघांत. मी म्हटलं, दोघांत म्हणजे कशी, उभी कापायची का आडवी? तू म्हणालास, "वल्ही माजी, बूड तुजं." आणि नऊ वर्षं तसंच चाललं.

लोकांना वाटतं मासा काठीवाला धरतो. मलाही वाटायचं. पण फिरत्या गळात मासा धरतो तो वल्हेवाला. पंधरा वाव दोरी मागे सोडलेली, तिच्या टोकाला पितळी चमचा, त्याच्या बुडाला गळ. होडी ज्या चालीने जाईल त्या चालीने तो चमचा पाण्यात डोलायचा. चाल जास्त झाली की चमचा गरगर फिरतो आणि दोरीला पीळ बसतो. चाल कमी झाली की तो मेल्यासारखा खाली जातो. बरोबर चालीत मात्र काठीचं टोक थरथरत राहतं, एकसारखं, आणि खाली कुठंतरी खडस माशाला वाटतं की जखमी मासोळी चालली आहे. ते थरथरणं तू चार चार तास धरून ठेवायचास. मी विचारलं, कुठं शिकलास? तर म्हणालास, "नांगरामागं. बैलाला घाई केली की तासाची रेघ वाकडी जाती." वल्ह्याच्या कड्यांना तू बकऱ्याची चरबी लावायचास, त्या कुरकुरू नयेत म्हणून. होडीतनं फक्त पाण्याचा आवाज यायचा, आणि तुझा.

बाकी सगळं काम माझं, म्हणजे चमच्यांचं. विलायती चमचे दोन वर्षांत संपले. मग मी पिंपरी कॅम्पात जाऊन जेवणाचे पितळी चमचे आणायला लागलो. दांडा कापायचा, दोन्हीकडे भोक पाडायचं, चिंचेने घासून लखलखीत करायचं. कॅम्पातल्या त्या सिंधी दुकानदाराने एकदा न राहवून विचारलं, "भाईसाब, घर में कितने लोग हैं?" मी म्हटलं, चौघं. तो म्हणाला, "तो ये चम्मच कौन खा रहा है?" तू दुकानाच्या दारात उभा होतास. तू हसत हसत खालीच बसलास. आणि म्हणालास, "सांग त्याला, भैरोबा खातो."

खरंच होतं ते. चमचे भैरोबाच खात होता.

हे मी आता लिहितोय तेव्हा सोपं वाटतंय, पण त्यावरूनच आपलं सगळं बिनसलं. त्या तळ्याच्या मधोमध, धरणाची भिंत मागे टाकून निघालं की अर्ध्या तासावर, तू वल्ही उचलायचास. दर वेळी. फेरी कुठलीही असो. तुझं गाव उंबरदांड तिथं खाली होतं. विजेसाठी धरण झालं तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, आणि तुमचं सगळं गाव गाड्या भरून खाली आलं, कुणी देहूरोडच्या बाजूला, कुणी चाकणकडे. देऊळ मात्र गाडीत भरता येईना. भैरोबा आणि त्याच्यासमोरची दगडी दीपमाळ तिथंच राहिली. बरोबर त्याच्यावर होडी आली की तू वल्ही उचलून मांडीवर घ्यायचास आणि हात जोडायचास.

वल्हवणारा होडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसतो, आणि मी काठीच्या टोकाकडे बघत त्याच बाजूला तोंड करून बसलेलो. म्हणजे तू माझ्या पाठीमागे. त्यामुळे तुला हात जोडताना मी नऊ वर्षांत कधी पाहिलं नाही. मला फक्त कळायचं की पाण्याचा आवाज थांबला, वल्ह्यांवरनं थेंब पडतायत, तुझी बडबड बंद झाली आहे. आणि माझ्या डोळ्यांसमोर काठीचं टोक थरथरायचं थांबायचं. चमचा खाली जायचा, जायचा, आणि दहातल्या तीन-चार वेळा देवळाच्या कुठल्याशा दगडात नाहीतर पाण्याखालच्या झाडात अडकायचा. मग दोरी तोडा. मी शिव्या द्यायचो. तू परत वल्ही पाण्यात घालायचास आणि म्हणायचास, "चल, झालं."

साहेब होता तेव्हाही तू थांबायचास. त्याने एकदा विचारलं, तू सांगितलंस, आणि त्यानंतर तिथं आलं की तो टोपी काढायचा. हे तूच मला सांगितलंस, अगदी साधेपणाने, टोमणा नव्हता त्यात. मला झोंबलं. मी म्हटलं, साहेबाला काय, त्याला चमचे विलायतेहून येत होते. मी ते सुट्टीच्या दिवशी बोटं कापून घेऊन करतो.

तरी पहिली कितीतरी वर्षं ते भांडण गमतीतलं होतं. मी म्हणायचो, तुझ्या गावाकडे माझे इतके चमचे झालेत की आता पंगत बसेल. तू म्हणायचास, "बसू दे की. गाव मोटं व्हतं." असं म्हणून तू पुढचा तासभर मला गावातली एकेक माणसं सांगायचास, जणू ती सगळी खाली जेवायला बसली आहेत. पाच वर्षांच्या पोराला एवढं आठवतं का रे? अर्धं तर तुझ्या आईने सांगितलेलं असणार. पण मला ती माणसं पाठ झाली होती. त्यांतला तो एक न्हावी, जो एका गालाची दाढी करून वाळवणातली कोंबडी हाकलायला गेला आणि परत आलाच नाही, तो माझ्या बायकोलाही माहीत आहे.

मग मागल्या वर्षीचा तो रविवार.

मला त्याबद्दल लिहायचं नाही, पण लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच. तू वल्ही उचललीस, पाण्याचा आवाज थांबला, चमचा खाली जायला लागला, आणि जाता जाताच माशाने तो घेतला. रीळ असं कर्र करून ओरडलं की मी उभाच राहिलो. मी ओरडलो, "मार वल्हं! मार!" होडी चालती असती तर दोरी ताठ राहिली असती आणि गळ रुतला असता. होडी उभी होती. दोरी सैल पडली. मासा एकदाच वर आला, तांब्याच्या परातीएवढी कूस दाखवली आणि गेला. तेवढ्यात तुझं वल्हं पाण्यात पडलं. हात सोडायला तुला एक श्वास उशीर झाला होता, एवढंच.

तेवढा मोठा खडस मी त्याआधी पाहिला नव्हता, पुढेही नाही. पण मासा गेला म्हणून माणूस असं बोलतो का? मी मागे वळलो आणि म्हणालो, "कुजला तुझा देव त्या चिखलात. गाव गेलं तेव्हाही तुम्ही लोकांनी हातच जोडलेत, आणि अजून जोडताय. दुसरं काय येतं तुम्हाला?"

हे माझे शब्द आहेत. एकही कमी-जास्त केलेला नाही. वर्षभर मी स्वतःशी ते सौम्य करून बघितले, रागात तोंडातून निघाले, चमच्यांवरून निघाले, असं. ते चमच्यांवरून नव्हते. मला ठाऊक होतं कुठं लागतं, आणि मी नेमकं तिथंच मारलं.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू होडी वळवलीस, तीच चाल, जराही घाई नाही. काठाला लावलीस. वल्ही पुसून आत आडवी ठेवलीस. मग म्हणालास, "अण्णा, तुजं गाव हाय अजून. तू जातोस गनपतीला." आणि एकटाच स्टेशनकडे चालायला लागलास. मी पुढच्या गाडीने आलो. मुद्दाम.

मागल्या गणपतीला मी गावी गेलो. आमच्या देवळाच्या पायरीवर बसलो तर तुझंच वाक्य कानात. पायरी गरम होती उन्हाने. मी हात लावून बघितला आणि उठलो. तिथून परत आल्यावर तुझ्याकडे यायला हवं होतं. तुझं घर माझ्यापासून पाऊण मैलावर. पण मी आलो नाही, कारण मला वाटत होतं तू यावंस. तू वल्हं उशिरा मारलंस, तेव्हा आधी तू यावंस. असा माझा हिशेब.

मी कुरुळीचा एक गडी धरला, गेनू. तुला कळलंच होतं. चांगला तगडा, कुठंही न थांबणारा. त्याच्याबरोबर मी मासेही धरले, खोटं कशाला बोलू. मधल्या जागेवरून होडी सरळ निघून जायची, काठीचं टोक थरथरत राहायचं, चमचे सगळे शाबूत. आणि दर वेळी ती जागा गेली की माझ्या पाठीला कळायचं. मी मागे वळून गेनूला विचारायचो, "दमलास का?" तो म्हणायचा, "न्हाई की. का?" मी म्हणायचो, काही नाही.

आणि मग या चैत्रात तू माझ्या बाकापाशी आलास. अंगाने अर्धा झाला होतास. खोकत होतास, तोंडावर फडकं धरून. आजूबाजूला कुणी नव्हतं, सगळी जेवायला गेली होती, तरी तू म्हणालास, "अण्णा, तुमी एक रविवार काडाल का?"

कुणी नसतानाही तुमी. मला ते कळलं, सखाराम. कळूनही मी कानस चालवत राहिलो.

तू म्हणालास, "औंदा पानी लई उतरलंय. दीपमाळंचं टोक हाताला लागंल. आये कदी आली न्हाई तितं. त्या पान्याकडं बगनार न्हाई म्हनायची. औंदा व्हय म्हनली. मला वल्हं व्हनार न्हाई आता. तुमी वल्ही धरा, मी आयेपाशी बसतो. मासा न्हाई धरायचा, निस्तं जाऊन यायचं."

नऊ वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, "या रविवारी बघू." आणि रविवारी मी गेनूला घेऊन तळ्यावर गेलो. दुसऱ्या बाजूने गेलो, उंबरदांडाकडे गेलोच नाही. मनात म्हटलं, पुढच्या रविवारी नेतो, जरा वाट बघू दे. जरा वाट बघू दे! वर्षभर मी वाट बघितली ना, मग. इतका लहान मी होतो. पुढच्या रविवारी तू हॉस्पिटलात होतास, आणि त्याच्या पुढच्या रविवारी मी तुझ्या तिरडीला खांदा दिला. डाव्या बाजूचा, पुढचा. चाल संथ होती, आणि मला सारखं वाटत होतं की मागून कुणीतरी म्हणेल, "चल, झालं."

तेरावा झाल्यावर मी तुझ्या आईकडे गेलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी काय बोलणार होतो ते मी वाटेत पाठ केलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आधी त्याच बोलल्या. "त्या रविवारी मी नवं लुगडं नेसून बसले व्हते. नारळ घेतला व्हता. दोपारपत्तुर बसले हितंच. सख्या म्हनला, अण्णाच्या घरी पावनं आलं असतील. मग दुसऱ्या रविवारी जाऊ म्हनला."

पाहुणे! माझ्या घरी कोण पाहुणे येणार होते? तू तुझ्या आईसमोर माझी अब्रू झाकलीस, छातीत श्वास मावत नसताना. मी मावशींना म्हणालो, पाहुणे नव्हते. मी मुद्दाम आलो नाही. मला वाटलं उठून आत जातील. जायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "पानी अजून उतरलेलंच असंल का?"

काल त्यांना घेऊन गेलो. गाडीत त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या. लोणावळ्यापासून टांगा केला, शेवटचा उतार मात्र पायी. तळं दिसायला लागलं तशी त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला आणि माझा दंड धरला, "तू चल, मी येते" म्हणाल्या. तशाच होडीत बसल्या, मागच्या फळीवर, माझ्या जागेवर. मी तुझ्या जागेवर. काठी घरीच ठेवली होती.

मला वल्हवता येत नाही, हे मला काल कळलं. नऊ वर्षं बघून, सूचना देऊन, चुका काढून कळलं नव्हतं. होडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पाणी मावशींच्या अंगावर. कड्या अशा कुरकुरत होत्या की डोंगरातनं आवाज परत येत होता. चरबी लावायची राहिली होती, ती कुठं ठेवायचास तेही मी कधी विचारलं नाही. पाव तासात हात गेले. मग मी तुझ्यासारखा श्वास मोजायला लागलो, नांगरामागे चालल्यासारखा, आणि होडी जरा सरळ झाली.

नेमकी जागा कुठं, हे मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस, मी विचारलं नव्हतं. मावशींना विचारणार कसं, त्यांच्या डोळ्यांवर पदर. मी विचार करत होतो की नुसतंच मधे जाऊन थांबू, आणि हीच म्हणून सांगू. तेवढ्यात समोर, त्यांच्या डोक्याच्या वर, धरणापलीकडच्या डोंगरातली ती खिंड उघडली. तिच्यात एकटं झाड आहे. ते झाड सरकत सरकत खिंडीच्या मधोमध आलं, आणि माझे हात थांबले. मी थांबवले नाहीत. ते थांबले. नऊ वर्षं मी काठीचं टोक बघतोय असं मला वाटत होतं, आणि टोकाच्या वर माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी तीच खिंड, तेच झाड होतं. आपण दोघं एकाच बाजूला तोंड करून बसलो होतो ना. तुला जे दिसत होतं तेच मला दिसत होतं.

मी वल्ही उचलायला गेलो तर डाव्या वल्ह्याचं पातं दगडावर वाजलं. टक्क.

मावशींनी पदर काढला. त्यांनी आधी मागे वळून खिंडीकडे बघितलं. मग होडीच्या कडेवरून वाकल्या. मी त्यांचा खांदा धरला. त्यांनी हात पाण्यात घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, नव्या लुगड्याचा पदर सगळा भिजला, आणि त्यांचा हात थांबला. बोटं चालत होती, मला वरून दिसत होती, हिरव्या पाण्यात पांढरी. पणत्या ठेवायची जी खोबण असते दीपमाळेला, तिच्यात त्या बोट फिरवत होत्या.

आणि त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. मी तुझ्या जागेवर बसलो होतो म्हणून मला ते दिसलं. तू हात जोडताना तुझा चेहरा कसा व्हायचा हे मी कधी पाहिलं नाही, एकदाही मागे वळलो नाही, वळलो तो फक्त शिवी द्यायला. काल पाहिला. तुझं नाक त्यांचंच आहे, आणि ते डोळे मिटण्याआधीचं थांबणंही. मी वल्ही मांडीवर घेतली आणि हात जोडले. मला देवाचं काही कळत नाही. मी तुला जोडले.

मी एक अख्खा चमचा खिशात नेला होता, दांड्यासकट, न कापलेला. तिथं सोडायचा म्हणून. ऐन वेळी विसरलो. तो आत्ता इथं टेबलावर आहे. पुढल्या खेपेला नेईन, मावशी परत येणार आहेत.

आम्ही किती वेळ तिथं होतो मला सांगता येत नाही. होडी वाऱ्याने जरा सरकली तसा त्यांचा हात सुटला. हात वर काढून त्यांनी तो कपाळाला लावला, पाणी नाकावरून ओघळलं, ते पुसलंही नाही. मी म्हणालो, "मावशी, चुकलो." तुला म्हणायला हवं होतं ते त्यांना म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या पाण्याकडेच बघत होत्या.

मग म्हणाल्या, "सख्याला कळव."

मी म्हटलं, काय कळवू? त्यांनी भिजला हात पाण्याखालच्या दीपमाळेकडे केला.

हा तो निरोप, सखाराम. त्यांचाच शब्द, आणि एकच आहे.

"हाय म्हनावं."